सांडव्यावरची पोती आजच उतरवा

मृग तोंडावर आला आहे. बियाणं, खत, औताची जुळवाजुळव यात सगळेच गुंतले असाल. तरी या आठवड्यात अर्धा दिवस काढा आणि गावच्या पाझर तलावाच्या सांडव्यावर, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, जाऊन उभे राहा. तिथे मुरमाची पोती, फळ्या, दगडांची रचलेली ओळ किंवा मासे अडवायची जाळी दिसली, तर ती पहिल्या मोठ्या पावसाआधी निघालीच पाहिजे. पुढचं काही वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा.

पोती कुणी वाईट हेतूने ठेवत नाही. रब्बीत पाणी कमी पडतं, मग कुणीतरी म्हणतं, "भाऊ, फूटभर पाणी जास्त थांबलं तर कांद्याला दोन पाळ्या वाढतील." हिशेब खरा आहे, म्हणूनच तो सगळ्यांना पटतो. मासेमारीचा ठेका घेणाराही बीज वाहून जाऊ नये म्हणून जाळी लावतो. जाळीत काटक्या, गवत, प्लास्टिक अडकतं आणि दोन पावसांत तिची भिंत होते.

आता दुसरा हिशेब बघा. सांडवा १० मीटर रुंद आहे आणि त्यावरून २ फूट जाडीचं पाणी जाऊ शकतं, असं धरू. तेव्हा सेकंदाला साधारण ८ हजार लिटर पाणी बाहेर पडतं. पोत्यांनी तो एक फूट उचलला की पाण्याला जागा उरते एक फूट. जाडी निम्मी झाली म्हणजे विसर्गही निम्मा होईल असं वाटतं, पण तो येतो जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे ३ हजार लिटरच्या आत. तलावाच्या वरचं पाणलोट क्षेत्र फक्त एक चौरस किलोमीटर असलं, तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तरी तलावात सरासरी सेकंदाला साडेचार हजार लिटरच्या वर पाणी येतं. मोकळा सांडवा हे पाणी सहज काढून देतो. पोत्यांचा सांडवा देत नाही, आणि मग पाणी पाळीवरून, म्हणजे तलाव अडवणाऱ्या मातीच्या बांधावरून, वाट काढतं.

कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पूर गेला तरी तो उभा राहतो, तो दगडी आहे. तरीही पावसाळ्याआधी त्याच्या फळ्या काढायच्या असतात, हे आपल्याला माहीत आहे. पाझर तलावाची पाळ मातीची आहे. तिच्यावरून वीतभर पाणी तासभर वाहिलं तरी शेताकडचा उतार खरवडत जातो, खाच पडते, खाच माथ्यापर्यंत चढते, आणि मग थांबवायला हातात काही राहत नाही.

मी हे पाहिलं आहे. हस्ताचा पाऊस, तलाव आधीच काठोकाठ, सांडव्यावर दोन थर पोती. रात्रीतून पाणी पाळीच्या मध्यावरून गेलं. सकाळी खालच्या विहिरींत मुरूम भरलेला होता, मोटारी गाडल्या गेल्या होत्या आणि ओढ्याकाठच्या रानाचा खालचा खडक उघडा पडला होता. कपाशी पुढच्या वर्षी परत लावली. त्या रानात माती अजून भरून आलेली नाही. शेजारच्या तालुक्यात नंतर असंच झालं, पोतीसुद्धा तशीच होती.

पाणी पाळीच्या मध्यावरूनच का गेलं, तेही समजून घ्या. पाळ मध्यभागी सगळ्यांत उंच असते, म्हणून भरावही तिथेच जास्त बसतो. त्यावरून ट्रॅक्टर, बैलगाड्या, गुरं जात असतील तर आणखी खचतो. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, सांडव्याच्या माथ्यापासून सुरुवात करा आणि पाळीवर दर पंधरा-वीस पावलांवर उंची मोजत जा. जिथे खळगा सापडेल तिथे मातीचा भराव करायचा. सांडव्याला हात लावायचा नाही, त्याची उंची एक इंचही वाढवायची नाही.

भराव करताना सैल माती टाकून जेसीबीच्या बकेटने थोपटणं हे काम नव्हे. वीतभर जाडीचे थर द्या, प्रत्येक थर ओलवा आणि धुमसाने ठोका. ओल किती हवी? मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि तळहात ओला होऊ नये. काळी माती गाभ्यासाठी चांगली असते, पण ती बाहेरून थापू नका. उन्हात तडकते आणि भेगांतून पाणी आत शिरतं. पाळीच्या लांबीने गेलेली भेग वाईट, पण पाण्याकडून शेताकडे आडवी गेलेली भेग त्याहून वाईट.

आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधले. ते आता पन्नाशीला आले आहेत. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे येतात. दुरुस्तीची मागणी लेखी द्या, पोच घ्या, ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवा. मात्र पोती उतरवायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहू नका.

पोत्यांइतकंच लक्ष पाळीच्या खालच्या बाजूच्या पाझराकडे द्या. पायथ्याशी थोडं नितळ पाणी येणं हे पाझर तलावात नेहमीचं आहे. ते एका चरातून वळवा, पाच लिटरच्या कॅनमध्ये धरा, भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. तलावातली पातळी तीच असताना कॅन लवकर भरायला लागला, तर आत वाट मोठी होते आहे. पाणी गढूळ यायला लागलं तर पाळीची माती वाहून येते आहे, मग एक दिवसही थांबायचं नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली २३ माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावाने आधीच केलेली होती. आपल्या गावचा तलाव त्याहून लहान असेल, पण त्याच्या खालीही घरं आणि गोठे आहेत.

माझा एक अनुभव सांगतो, तो कुठल्या पुस्तकात नाही. मे महिन्यात सगळं रान करपलेलं असताना पाळीच्या शेताकडच्या उतारावर जिथे हिरवा पट्टा दिसतो, तिथेच पावसाळ्यात ओल फुटते. बगळे रोज एकाच जागी येऊन बसत असतील तर तीही जागा खुंटी ठोकून ठेवा, तिथे चिखल आणि बेडूक असतात. दर वेळी खरं ठरेलच असं नाही, पण मला यामुळे दोनदा वेळेआधी कळलं.

उंदीर-घुशींची आणि खेकड्यांची बिळं:
– संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी उघडलेली ती जिवंत.
– शेताकडच्या जिवंत बिळात ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के तयार आमिष, बिळाला १५ ग्रॅम, आत खोल.
– पाण्याकडच्या बाजूला कुठलंही विष नको. गुरं आणि मासे तेच पाणी पितात.
– नंतर बीळ शेवटापर्यंत खणून, वर सांगितल्याप्रमाणे थर ठोकून भरा. तोंडावर दगड ठेवणं म्हणजे भरणं नव्हे.

झुडपं आणि वेडी बाभूळ बोटाएवढी असेल तोवर मुळासकट काढा. मोठं झाड मात्र आता उपटू नका, पावसाच्या तोंडावर पाळीत खड्डा राहील. ते तलाव आटल्यावर, उन्हाळ्यात, मुळांसह काढून खड्डा ठोकून भरायचा. वरून तोडून खोड तसंच ठेवलं तर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला नळ्या तयार मिळतात. वृक्षारोपणाची रोपं पाळीवर लावू देऊ नका. पाळीवर हराळी हवी.

याच दिवसांत दुकानदार तुम्हाला तीन गोष्टी विकायला बघेल. एक, गवतासाठी तणनाशक. ते मारलं की हराळी जाते आणि पहिल्याच पावसात उतारावर घळी पडतात, विळ्याने कापणं पुरेसं आहे. दोन, गळती बंद करणारी पावडर किंवा द्रावण. वाहत्या गळतीत ते टिकताना मी पाहिलेलं नाही. तीन, पाळीवर अंथरायला प्लास्टिकचा कागद. शेततळ्याला तो ठीक, पण जुन्या पाळीवर त्याच्याखाली उंदीर घरं करतात आणि काय चाललंय ते दिसेनासं होतं. त्या पैशात दहा मजूर दोन दिवस लावून खळगे भरा.

गाळ काढताना पाळीच्या पायथ्याला लागून खणू देऊ नका आणि पाळीचा मुरूम रस्त्याला जाऊ देऊ नका. गाळ शेताला सोनं आहे, पण तो तलावाच्या वरच्या अंगाचा घ्या.

तलावाखालच्या रानासाठी, थोडक्यात:
– सोयाबीन: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी, ३ ते ५ सेंटिमीटर खोल.
– घरच्या बियाण्याची उगवण ७० टक्के असल्याची खात्री.
– ओढ्याकाठी बांधाचे चर मोकळे.
– मोटार आणि स्टार्टर पुराच्या रेषेच्या वर.

पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर एक फेरी मारा. तलाव भरल्यावर, विशेषतः उत्तरा आणि हस्तात, रात्रीचीसुद्धा. सांडव्याच्या बाजूच्या दगडावर लाल रंगाने रेघ मारून ठेवा: पाणी इथे आलं की खालची वस्ती उठवायची. कोण कुणाचं दार वाजवणार हे आजच ठरवा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा.

पायथ्याशी वाळू उसळवत पाण्याचा उमाळा फुटला, तर त्यावर माती किंवा सिमेंट दडपू नका. दाब अडला की पाणी शेजारी फुटतं. उमाळ्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड टाका, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती अडेल. भोवती पोत्यांचं कडं करा, विमोचकाचं, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या वाटेचं, दार उघडा आणि माणसं वर काढा. त्यासाठी पोती हाताशी लागतात. सांडव्यावरून उतरवलेली रिकामी करून वाळूने भरा आणि पाळीच्या टोकाला, पत्र्याखाली रचून ठेवा.