डाउनटाउन सावरायला निघालात? बीआयडीतल्या या चुका टाळा

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या मेन स्ट्रीटवरची, बँकेसमोरची कचरापेटी भरून वाहायची. सोमवार ते शुक्रवार काही प्रश्न नसे. शनिवारी मात्र पिझ्झ्याचे खोके आत मावत नसत, लोक ते वर आडवे ठेवून जात आणि वारा आला की ते फूटपाथभर पसरत. गिऱ्हाईक गाडीतून उतरायचं, तो पसारा ओलांडायचं आणि पुढच्या वेळी सरळ मॉलला जायचं. पेटी रिकामी करणारा माणूस यायचा सोमवारी सकाळी, कारण वेळापत्रक तसं होतं.

न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावात अकरा वर्षं माझं किराणा-मसाल्याचं दुकान होतं. त्यातली सहा वर्षं मी तिथल्या 'सुधारणा क्षेत्रा'च्या कार्यकारिणीवर होते. ही व्यवस्था मला मनापासून पटते. म्हणूनच ती कुठे बिघडते आणि बिघडली तर काय करायचं, ते लिहिते आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे बीआयडी. गावाच्या मधल्या काही रस्त्यांची हद्द आखायची. त्या हद्दीतल्या मालमत्तांवर नेहमीच्या कराशिवाय थोडी जादा पट्टी बसवायची. नगरपालिकेने ती करासोबत वसूल करून त्या भागाच्या संस्थेकडे सोपवायची आणि संस्थेने तो पैसा फक्त त्याच हद्दीत खर्च करायचा. न्यू जर्सीत याला स्पेशल इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात, कॅनडात बीआयए, म्हणजे बिझनेस इम्प्रूव्हमेंट एरिया.

सुरुवात कॅनडातच झाली, टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये, १९७० साली. १९६४ मध्ये शहरात यॉर्कडेल मॉल उघडला होता. मग १९६८ मध्ये भुयारी रेल्वे या भागाखालून पुढे गेली आणि ट्रामच्या खिडकीतून दुकानं बघत जाणारं गिऱ्हाईक जमिनीखाली गेलं. दुकानदारांनी आधी वर्गणी काढून पाहिली. पण वर्गणी काही जणच भरत, आणि दिवे लागले की उजेड सगळ्यांच्याच दुकानांवर पडे. न भरणाऱ्याचा फायदा, भरणाऱ्याचा वैताग. ज्याने बाजारपेठेत गणपतीची वर्गणी गोळा केली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून सगळ्यांवर सारखी सक्ती करणारा कायदा झाला. सक्ती हा या व्यवस्थेचा पाया आहे, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका याच सक्तीचा विसर पडल्याने होतात.

उत्सव आधी, झाडू नंतर

नवी संस्था स्थापन झाली की पहिल्या बैठकीत लोगो येतो, दुसऱ्या बैठकीत खांबांवरचे झेंडे आणि तिसऱ्या बैठकीत फूड फेस्टिव्हल. दिसणारं काम लवकर व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं.

आम्ही लावल्या फुलांच्या टांगत्या कुंड्या. मे महिन्यात दिव्याच्या प्रत्येक खांबावर पेटुनिया. गाव हरखून गेलं, वर्तमानपत्रात फोटो आला. टांगत्या कुंडीतली माती इतकी थोडी असते की जुलैच्या उन्हात तिला रोज पाणी लागतं. आम्ही कुंड्यांचे पैसे धरले होते. पाण्याची टाकी, गाडी आणि पहाटे पाच वाजता ती फिरवणारा माणूस यांचे धरलेच नव्हते. ऑगस्टमध्ये आमच्या मेन स्ट्रीटवर तपकिरी काड्या लोंबत होत्या. पट्टी भरणारा प्रत्येक माणूस येता-जाता त्या बघत होता.

उपाय सरळ आहे. कोणतीही वस्तू आणण्याआधी ती वर्षभर सांभाळायचा खर्च त्याच कागदावर मांडा. तो परवडत नसेल तर वस्तू आणू नका. पहिलं वर्ष फक्त झाडू, कचरा, बंद पडलेले दिवे आणि भिंतीवरची रंगरंगोटी पुसणं यालाच द्या. फिलाडेल्फियाच्या मध्यवस्तीतल्या सेंटर सिटी डिस्ट्रिक्ट या बीआयडीने १९९१ मध्ये काम सुरू केलं ते गणवेशातले सफाई कामगार आणि वाट सांगणारे, लक्ष ठेवणारे मदतनीस रस्त्यावर उतरवून. मोठमोठे प्रकल्प नंतर आले. लोकांचा विश्वास रोज सकाळी साफ दिसणाऱ्या फूटपाथवरच बसला होता.

आमच्या कचरापेटीचा प्रश्न कसा सुटला? दुसरी पेटी घेऊन नाही. शनिवारी दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशा दोन फेऱ्या एका अर्धवेळ माणसाकडून करून घेतल्या, इतकंच.

मत मालकाचं, बिल भाडेकरूचं

ही सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती कायद्याच्या चौकटीत राहूनही होते.

आमच्या रस्त्यावर एक न्हावी होता. एके वर्षी जानेवारीत तो हातात कागद घेऊन आमच्या बैठकीला आला. त्याच्या भाडेकरारात इमारतीचा कर, विमा आणि दुरुस्ती यातला हिस्सा त्याने भरायचा असं होतं. अमेरिकेत दुकानांचे करार सर्रास असेच असतात. मालकाने वर्षअखेरचा हिशोब पाठवला होता आणि त्यात आमच्या पट्टीची एक ओळ होती. कागद टेबलावर पसरून, त्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे तुम्ही का? मला कुणी विचारलं होतं?"

कुणीच विचारलं नव्हतं. संस्था स्थापन होताना पत्रं गेली मालकांना. त्यातले काही फ्लोरिडात राहत होते, आणि त्यांनी पत्र उघडलं की नाही देव जाणे. मी स्वतः भाड्याच्या गाळ्यात होते. माझी पट्टीसुद्धा माझ्याच गल्ल्यातून जात होती, आणि कार्यकारिणीवर येईपर्यंत मलाही ते कळलं नव्हतं.

न्यूयॉर्क राज्यात बीआयडी अडवायची असेल तर हद्दीतल्या किमान ५१ टक्के मालकांनी, किंवा मालमत्तांच्या एकूण मूल्यापैकी ५१ टक्के ज्यांच्याकडे आहे त्यांनी लेखी हरकत घ्यावी लागते. म्हणजे जो गप्प बसला तो बाजूने धरला जातो. भाडेकरूंसाठी संस्थेच्या मंडळावर जागा राखलेली असते, पण मंडळात बहुमत मालकांचंच असतं. न्यूयॉर्क शहरातल्या ग्रँड सेंट्रल स्थानकाभोवतीच्या बीआयडीतल्या रहिवाशांनी 'एक माणूस, एक मत' या तत्त्वावर दावा लावला होता. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. संस्थेचं काम मर्यादित आहे आणि भार मालकांवर आहे, म्हणून मालकांना झुकतं माप चालेल, असा निर्णय झाला. कायद्याने तो ठीक असेल. पण भार शेवटी कोणाच्या गल्ल्यावर पडतो हे आमच्या न्हाव्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं.

इंग्लंडमध्ये रीत वेगळी आहे. तिथे २००३ च्या कायद्यानुसार मत देतो तो व्यवसायाचा कर भरणारा, म्हणजे बहुतेक वेळा प्रत्यक्ष दुकान चालवणारा. मतदानात दोन बहुमतं लागतात: मतांच्या संख्येचं आणि मालमत्तांच्या करमूल्याचं. त्यामुळे चार बड्या साखळी दुकानांना एकट्याने निर्णय लादता येत नाही आणि चाळीस छोट्या दुकानांनाही येत नाही. शिवाय दर पाच वर्षांच्या आत पुन्हा मत घ्यावंच लागतं. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते.

भाडेकरूंना बाजूला ठेवलं की काय होतं ते न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये दिसलं. जॅक्सन हाइट्स हा आपल्या लोकांच्या ओळखीचा भाग. ७४ व्या रस्त्यावर साडी आणि मिठाई घ्यायला न गेलेलं देशी कुटुंब न्यू जर्सीतही क्वचितच सापडेल. तिथून जवळच ८२ व्या रस्त्यावर एक छोटी बीआयडी होती. २०१३ च्या सुमारास ती रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर शेजारच्या कोरोना नावाच्या वस्तीपर्यंत वाढवायचा प्रस्ताव आला. भाड्याने गाळे घेतलेले छोटे दुकानदार आणि फेरीवाले विरोधात उभे राहिले. भाडी वाढतील आणि आम्हालाच जावं लागेल, हे त्यांचं म्हणणं होतं. तो प्रस्ताव प्रत्यक्षात आला नाही.

आमच्याकडे आम्ही तीन गोष्टी बदलल्या. सूचना मालकाच्या पत्त्यावर जायचीच, पण एक प्रत दुकानाच्या दारातून हातात द्यायला सुरुवात केली, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत. कार्यकारिणीच्या निम्म्या जागा भाडेकरूंना दिल्या. आणि बैठक संध्याकाळी सातऐवजी सकाळी साडेआठला ठेवली, कारण सात वाजता दुकानदार गल्ल्यावर असतो. न्हावी पुढच्या वर्षी समितीत आला. शनिवारच्या कचऱ्याच्या फेऱ्या ही त्याचीच सूचना.

माणसं हटवली म्हणजे रस्ता सुधारला, हा समज

बेघर माणूस दुकानाच्या पायरीवर झोपला की दुकानदार घाबरतो, हे मी नाकारत नाही. मलाही भीती वाटायची. पण खासगी गणवेशातल्या माणसांकरवी त्याला पुढच्या चौकात ढकलणं हा उपाय नाही, आणि त्याची किंमत संस्थेलाही मोजावी लागते. नव्वदच्या दशकात वर सांगितलेल्या ग्रँड सेंट्रल भागातल्या ग्रँड सेंट्रल पार्टनरशिप या संस्थेवर बेघरांना दमदाटी करून हटवल्याचे आरोप झाले. बेघरांनाच 'प्रशिक्षणा'च्या नावाखाली तासाला एक ते दीड डॉलरवर कामाला लावलं जात होतं. १९९८ मध्ये न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी त्यांना किमान वेतन मिळायलाच हवं असा निकाल दिला. त्याच पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या.

याच शहरात, काही चौक पलीकडे ब्रायंट पार्क आहे. सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागची ही बाग सत्तरच्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या ताब्यात होती. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी निरीक्षण करून दाखवलं की दोष बागेच्या रचनेत आहे. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कठडा आणि झुडपं, आत जायला मोजकी दारं. बाहेरून आतलं दिसत नाही, म्हणून साधी माणसं जात नाहीत आणि नको ती माणसं टिकतात. १९८८ मध्ये बाग बंद करून झुडपं काढली, नवी दारं उघडली, रस्ते रुंद केले आणि १९९२ मध्ये ती पुन्हा खुली केली. आजूबाजूच्या इमारतींची पट्टी आणि बागेचं स्वतःचं उत्पन्न यातून तिची देखभाल चालते.

तिथल्या खुर्च्या मला फार आवडतात. हिरव्या, हलक्या, घडीच्या, कुठेही न जखडलेल्या. बसण्याआधी जवळजवळ प्रत्येक माणूस खुर्ची थोडी सरकवतो. उन्हाकडे, सावलीकडे, मैत्रिणीकडे, कधी उगाच चार बोटं. त्या सरकवण्याने जागा त्याची होते. चोरीला जातील म्हणून सगळे आधी घाबरतात. आम्हीही घाबरलो होतो. गावच्या चौकात तशाच बारा खुर्च्या ठेवल्या. दोन वर्षांनी दहा उरल्या होत्या. त्याच चौकात नंतर दुपारी शाळेची मुलं आणि संध्याकाळी आजोबा बसू लागले, आणि पायरीवर झोपणाऱ्या गृहस्थांसाठी काउंटीच्या समाजसेवा विभागाची माणसं दर मंगळवारी येऊ लागली. त्यांना खोली मिळायला वेळ लागला, पण मिळाली.

नगरपालिका हळूच हात काढून घेते

संस्था झाडू मारते म्हटल्यावर नगरपालिकेची गाडी आठवड्यातून तीनदा यायची ती दोनदा येते, मग एकदा. दुकानदार दुप्पट भरतात आणि सेवा तेवढीच मिळते. पट्टी सुरू होण्याआधीच नगरपालिका काय, किती वेळा आणि कुठे करते ते लिहून सही घ्या. इंग्लंडमध्ये असं आधारपत्रक करायची रीतच आहे. आमच्याकडे ते नव्हतं, आणि दोन वर्षांनी वाद घालायला हातात काही नव्हतं.

फक्त ऑफिसवाल्यांच्या भरवशावर राहणं

२०२० नंतर हे सगळ्यांना कळलं. ज्या डाउनटाउनमध्ये फक्त कार्यालयं होती तिथे माणसं घरी बसली आणि सँडविचची दुकानं बंद पडली. जिथे लोक राहतही होते तिथे संध्याकाळचं दूध-पाव कुणाला तरी हवंच होतं. फिलाडेल्फियाने १९९७ मध्ये जुन्या इमारतींची घरं करणाऱ्यांना दहा वर्षांची करसवलत दिली होती, आणि मध्यवस्तीत राहणाऱ्यांची संख्या वाढली. दुकानांवरच्या रिकाम्या माळ्यांकडे बीआयडीने नक्की पाहावं.

आपल्याकडे जशीच्या तशी उचलणं

भारतातले मित्र विचारतात, आपल्या पेठेत हे करता येईल का. महाराष्ट्रात अशी सक्तीची पट्टी गोळा करून त्याच भागाच्या संस्थेकडे देण्याची पद्धत रुळलेली नाही. मुंबईत १९९८ मध्ये स्थापन झालेली काळा घोडा असोसिएशन याच्या जवळ जाते. १९९९ पासूनचा तिचा महोत्सव आणि त्यातून त्या परिसरातल्या वास्तूंची डागडुजी हे नमुनेदार काम आहे, पण ते प्रायोजक आणि स्वयंसेवकांच्या बळावर. शिवाय आपल्या पेठा ओस पडलेल्या नाहीत, उलट तिथे पाय ठेवायला जागा नाही. आपल्याकडे प्रश्न गिऱ्हाईक आणण्याचा नाही, त्याला चालता येण्याचा आहे. आणि फेरीवाल्यांना वगळून काही करायचा विचार असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आधी वाचा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. पेठेतली कोणतीही संस्था त्यांच्यासोबत एका टेबलावर बसूनच उभी राहील.

सुरुवातीची नोंद न ठेवणं

काही वर्षांनी पट्टी चालू ठेवायची का, हा प्रश्न येतोच. तेव्हा "आधी किती वाईट होतं आठवतं ना?" हे उत्तर चालत नाही, कुणालाच नीट आठवत नसतं. आम्ही तिसऱ्या वर्षी मोजायला लागलो, म्हणून पहिल्या दोन वर्षांचं आमच्याकडे काहीच नव्हतं.

पट्टी बसण्याआधीच एक साधी वही करा. प्रत्येक गाळ्याला एक ओळ: चालू की बंद, काय धंदा, किती वर्षं. बंद असलेले दिवे, फुटलेल्या फरशा. मग एकाच ठिकाणी उभं राहून मंगळवारी सकाळी दहाला, शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला, प्रत्येकी पंधरा मिनिटं येणाजाणारे मोजा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी, पुन्हा. मोजायला दोन दुकानदार जोडीने उभे करा, एक जुना आणि एक नवा. प्रत्येक पानावर तारीख आणि हवामान लिहा, कारण पावसातला शनिवार आणि उन्हातला शनिवार यांची तुलना होत नाही.