नॅशनल पार्कात सायकल न्यायची, तर तयारी आदल्या रात्रीपासून

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी सकाळी सायकल न्यायची असेल, तर शनिवारी जेवणं आटोपली की सायकल एकदा दिव्याखाली घ्या. आधी ब्रेक. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबून ढकला. चाक न फिरता फरशीवर घासत गेलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबला तरी दांडी आणि मूठ यांच्यात दोन बोटांची जागा उरायला हवी. उरत नसेल तर तार ढिली झाली आहे किंवा रबर झिजलंय. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे हे फार तर अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते शनिवारीच करून घ्या.

ब्रेकवर एवढा जोर देण्याचं कारण साध्या हिशोबात आहे. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटर पुढे जाते. समोरचा माणूस आडवा आलाय हे डोळ्यांना दिसून बोटं आवळली जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक नीट लागले तरी आणखी तीनेक मीटर जातात. म्हणजे एकूण सात मीटर. ताशी २५ ला हेच अंतर पंधरा मीटरच्या आसपास जातं, एकामागे एक उभ्या केलेल्या पाच-सहा रिक्षांएवढं. सकाळी सातला पार्कात मोकळी पंधरा मीटर जागा सहसा मिळत नाही. म्हणून चालणारे दिसले की १५ च्या आत, आणि घोळका दिसला की माणूस भरभर चालतो तेवढ्यावर यायचं, हे घरूनच ठरवून निघा. वेगाचा व्यायाम हवा असेल तर त्यासाठी दुसरा रस्ता आणि दुसरी वेळ शोधा.

घंटी अंगठ्याजवळ बसवा, म्हणजे ती वाजवताना बोटं ब्रेकवरून उचलावी लागणार नाहीत. भोंगा किंवा इलेक्ट्रिक हॉर्न नकोच. हे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि चितळ-वानरांनाही कान आहेत. त्याच कारणाने हँडलला लावलेला गाण्याचा स्पीकरही घरी राहू दे. उजाडण्याआधी आत शिरणार असाल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा. पुढचा दिवा रस्त्यावर पडेल असा खाली झुकवा. समोरून येणाऱ्या आजोबांच्या डोळ्यांवर झोत गेला तर पुढची काही पावलं ते अंदाजाने टाकतात, आणि त्याच वेळी तुम्ही त्यांच्या शेजारून जात असता. डबा पिशवीत बंद करून ठेवा. केळं हातात दिसलं की माकड रस्ता ओलांडून येतं, ते सायकलपुढूनही.

आता माणसांना ओलांडायची तयारी. ही मी मनातल्या मनात घोकून जातो, कारण एकदा चुकलो होतो. पुढे दोन बायका चालत होत्या आणि उजवीकडे जागा होती. मी मोठ्याने म्हणालो, “उजवीकडून!” त्यातल्या मावशी दचकून उजवीकडेच सरकल्या. माझं हँडल त्यांच्या कोपराला घासलं आणि त्यांच्या हातातली पाण्याची बाटली गडगडत कडेला गेली. लागलं नाही, पण त्या छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मागून कानावर जी दिशा पडते तिकडेच माणूस सरकतो. त्यामुळे आता मी दिशा बोलतच नाही. वीस-पंचवीस पावलं अलीकडे घंटी एकदा वाजवतो, वेग उतरवतो आणि जवळ आलो की साध्या आवाजात म्हणतो, “मावशी, सायकल आहे हं, सावकाश येतोय.” त्या बघतात आणि कुठे सरकायचं ते त्याच ठरवतात. मग मी निघतो, जाताना “थँक्यू, मावशी” म्हणतो. पाठीशी येऊन ट्रिंग-ट्रिंग करत राहणं म्हणजे वाट मागणं नव्हे, ते माणसाला हुसकावणं झालं.

घंटी दिली म्हणजे ती ऐकू आली असं मात्र धरू नका. कुणाच्या कानात इअरफोन असतो, कुणाला वयामुळे ऐकू येत नाही. मान वळली नाही तर ऐकलं नाही असंच समजायचं आणि मागे मागे चालत राहायचं, वाट मिळेपर्यंत. पार्कात आणखी काही मंडळी ठरलेली असतात. हात खांद्यातून गोल फिरवत चालणारे काका असतात, त्यांच्या बाजूने पूर्ण हातभर जागा सोडून वर आणखी थोडी सोडा. उलटं चालण्याचा व्यायाम करणारे असतात; त्यांचं तोंड तुमच्याकडे असलं तरी लक्ष पावलांवर असतं. आणि प्रत्येक रोजच्या चालणाऱ्याचं परतीचं ठिकाण ठरलेलं असतं. एखादा खांब, एखादं झाड. तिथे हात लावला की ते मागे न बघता वळतात. दोन-तीन रविवार गेलात की ही ठिकाणं पाठ होतात, तोवर प्रत्येक खांबापाशी बोटं ब्रेकवर असू द्या.

भाड्याच्या सायकली घेऊन आलेली मुलं सगळ्यात बेभरवशाची. सायकल बहुधा उंच असते आणि पाय टेकत नाहीत, त्यामुळे थांबायचं म्हटलं की ती कडेला किंवा मधोमध पडतात. त्यांच्यामागे लागून ओलांडू नका. आपल्याबरोबर मूल असेल तर त्याला रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवू नका, आपण आत आणि ते कडेला असावं. आणि गेटजवळच मोकळ्या जागी दोनदा ब्रेक मारून थांबायला लावा, मगच पुढे न्या.

चालणाऱ्यांनीही थोडी तयारी करावी असं मला मनापासून वाटतं. चौघी-पाचजणी हात धरून रस्ता भरून चालतात तेव्हा गप्पा छान रंगतात, मान्य. तरी दोघींच्या जोड्या केल्या तर मागच्याला वाट राहते. एक कान मोकळा ठेवा, अंधारात फिकट रंगाचे कपडे घाला, वळण्याआधी एकदा मागे बघा. इतकं पुरे. याहून जास्त काळजी ज्याच्याकडे चाकं आहेत त्याने घ्यायची.

याच रस्त्यावर आतल्या पाड्यांवरची माणसंही असतात, डोक्यावर ओझं घेऊन कामाला निघालेली किंवा शाळेचं दप्तर पाठीवर असलेली. आपण तिथे रविवारी फिरायला येतो, त्यांचा तो घराचा रस्ता आहे. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला चटकन मान वळवता येत नाही की बाजूला उडी मारता येत नाही. तिच्यासाठी आपणच कडेला थांबायचं, पाय टेकून.

पुढे कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जायचं असेल तर तो रस्ता मुख्य गेटपासून सहा-सात किलोमीटरचा आणि चढाचा आहे. चढताना धाप लागते, वेग आपोआप कमी राहतो, कुणाला त्रास होत नाही. खरी परीक्षा परतताना. उतारावर पायडल न मारताही सायकल ताशी तिशी गाठते, आणि वळणापलीकडे लेणी बघून पायी उतरणारं कुटुंब असतं. उतार सुरू व्हायच्या आधीपासून दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत यायचं. वेग वाढल्यावर एकदम आवळले तर चाक घसरतं. पावसाळ्यात तर रिम ओली असते, ब्रेक उशिरा धरतात, वळणांवर शेवाळ आणि कुजलेली पानं असतात. जुलै-ऑगस्टमध्ये उतारावर गर्दी दिसली तर मी सरळ उतरून सायकल हातात धरून चालतो. महाशिवरात्रीला कान्हेरीला भाविकांची रीघ लागते, त्या दिवशी सायकल काढूच नये. सोमवारी उद्यान पर्यटकांना बंद असतं, तेही ध्यानात असू द्या.

पहाटे आणि तिन्हीसांजेला बिबट्याची वेळ, तेव्हा अंधारात एकट्याने आतपर्यंत जाऊ नका. चालणारा एखादा एकटा दिसला तर भुर्रकन पुढे जाण्याऐवजी गेटपर्यंत त्याच्या चालीने सोबत करा. घरी आल्यावर रिम आणि ब्रेकचे रबर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. चिखलातले बारीक खडे रबरात रुतून बसलेले असतात, ते टाचणीने काढा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा दांडी दाबून दोन बोटांची जागा तपासा.