जुनं रिव्हॉल्वर: पॉलिशचा कागद हातात घेण्याआधी

किनाऱ्यावर चार पावसाळे काढलेलं रिव्हॉल्वर नव्यासारखं चकाकत असेल, तर आधी संशय घ्यावा. कडा गोलसर झाल्यात, कोरलेली अक्षरं पुसट आहेत, स्क्रूच्या खाचा बोथट झाल्यात, म्हणजे कुणीतरी गंज घासून वरून काळं केलेलं आहे.

कागदपत्रं आधी. परवान्यावरचा बोअर (नळीचं माप) आणि हत्यारावरचा नंबर जुळायला हवा. खाजगी मालक विकत असेल तर त्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस झालेले असावेत. नंबर घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरावं, किंमत विचारूसुद्धा नये.

मग काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडर उघडून सहाही घरं (काडतुसं बसायच्या जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेली. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर बिजागरीवर मोडून उघडतं, त्यामुळे तिथे पहिली नजर बिजागरीच्या पिनकडे आणि वरच्या खटक्याकडे. बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरून वरखाली हलवावी. टकटक जाणवली तर पिन किंवा खटका झिजलाय. हे घरी दुरुस्त होणारं काम नव्हे.

घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढवावा, दुसऱ्या बोटाने सिलिंडरला किंचित अडवून धरावं. घोडा अडकण्याआधी सिलिंडर आपल्या खाचेत बसलं पाहिजे. सहाही घरांवर करायचं, कारण झीज बहुधा एकदोन घरांवरच आधी दिसते. बसलं नाही तर गोळी नळीच्या मागच्या तोंडावर तिरकी आदळते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. पुढे, चढवलेल्या घोड्याला चाप न दाबता मागून अंगठ्याने रेटावं. सुटला तर हत्यार धोकादायक आहे, सौदा तिथेच संपला. हे सगळं डमी (दारू नसलेली) काडतुसं घालून केलं तर टोच्याला, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या पिनला, मार बसत नाही.

सिलिंडर आणि नळी यांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो तोच. ०.१० ते ०.२० मिलिमीटर ठीक. सिलिंडर पुढे ढकलून आणि मागे ओढून दोनदा मोजावं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्याची पुढेमागे होणारी चाल. नळी आधी पुसून घ्यावी आणि मगच उजेडाकडे धरावी, नाहीतर तेलाखाली सगळंच गुळगुळीत दिसतं. आत काळसर गोल कडं दिसलं तर अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली गेली असावी आणि नळी फुगलेली असावी.

मुठीच्या पट्ट्या काढल्याशिवाय तपासणी पुरी धरू नये. खारा दमटपणा लाकडाखाली मुरतो आणि तिथे तेलाचा बोळा कधीच पोचत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा राहून आलेल्या हत्याराचंही तेच.

एवढं पार पडलं तर रंगाचा विचार, आणि तोही परवानाधारक कारागिराकडूनच. वरवरचा तांबूस गंज तेल आणि ०००० नंबरच्या स्टील वूलने निघतो; पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचं काही लावू नये, तळाशी तांब्याचा थर असला तर तो सुटून पापुद्रे उठतात. खोल खड्डे घासून सपाट करायचा मोह टाळावा, धातू गेला तो गेला.

गंजवून काळं करायची जुनी पद्धत मात्र कोकणच्या हवेला साजेशी आहे. ॲसिटोनने तेल पूर्ण काढायचं, हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. बोटाचा एक ठसा म्हणजे एक डाग. नळीला लाकडी बूच. गंज चढवणारं आम्लाचं द्रावण पातळ लावलं की दमट हवेत बारीक लाल थर चढतो, तो पाण्यात १०-१५ मिनिटं उकळला की काळा होतो, मग तेल काढलेल्या स्टील वूलने हलका झाडायचा. असे पाच-सहा फेरे. पाणी डिस्टिल्डच हवं; खाजणाकडच्या विहिरीच्या मचूळ पाण्यातलं मीठ डाग पाडतं. स्प्रिंगा या खेळात आणायच्या नाहीत, आम्लाने त्या ठिसूळ होतात. टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीवर हे धरतच नाही. नंबर आणि प्रूफचे (चाचणी झाल्याचे) शिक्के यांवर पॉलिशचा कागद फिरता कामा नये.

शेवटी खोबरेल नको: थंडीत गोठतं, पुढे खवट होतं. बंदुकीचं तेल पातळ पुसावं. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, ते ओल धरून ठेवतं. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि मृगापासून दिवाळीपर्यंत दर पंधरवड्याला मुठीच्या पट्ट्या सैल करून खाली बघावं.