पेन्सिलीच्या आधी ज्वारीचं धांड द्या लेकराच्या हातात

तीन-चार वर्षांच्या लेकराला अ आ गिरवायला बसवायची लई घाई करतेत लोकं. आधी बोटांत जोर येऊ द्या, चिमटीत काडी नीट धरता येऊ द्या, मग पेन्सिल आपोआप वळती. 2020 च्या शिक्षण धोरणात पण 3 ते 8 वर्षांचा टप्पा खेळातूनच शिकवायचा म्हणून धरलाय, अन् बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक, अनुताई वाघांनी तर 1945 पासून पालघरकडच्या बोर्डी गावात हेच केलं.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे धांडाची गाडी. रब्बीची ज्वारी निघाली की कडब्यातलं जाड, वाळलेलं धांड घ्या. साल तुम्हीच काढा, तिची कड ब्लेडसारखी कापती. आतला पांढरा मऊ गाभा राहतो त्याचे बोटभर तुकडे करा, खराट्याच्या काड्या तोडून द्या अन् शेजारी बसा, बस्स. गाभ्यात काडी खुपसताना किती दाबायचं हे लेकरू स्वतःच शिकतंय, जास्त दाबलं की तुकडा फुटतो. बैलगाडीला चाकं किती, ट्रॅक्टरला किती, मागची मोठी का पुढची, हे विचारा पण उत्तर सांगू नका. गाडी एका बाजूला कलली तर कलू द्या, थोड्या वेळानं तेच म्हणतंय की ही काडी आखूड झाली.

पोळ्याच्या टायमाला मातीचे बैल करा. आपली काळी माती वाळताना तडकती म्हणून चाळून थोडी बारीक वाळू मिसळा अन् सावलीत वाळवा.

परातीत चिंचोके, तूर, हरभरे एकत्र करून वाट्यांत निवडायला दिले की अर्धा तास कुठं गेला कळत नाही, पण तीन वर्षांच्या आतल्या लेकराला हे अजिबात नको, नाकात घालतेत नाहीतर घशात अडकतंय. त्यांना बांगड्या, पळ्या, झाकणं द्या. गुंज अन् एरंडीच्या बिया कोणत्याच वयाला नको, विषारी असतेत.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी असलं तरी पाण्याच्या खेळाला एक तांब्या पुरतो. उंच ग्लासातलं पाणी पसरट वाटीत ओता अन् विचारा जास्त कशात होतं? पाणी तेवढंच असतंय, पण चार वर्षांचं लेकरू बहुतेक ग्लासच म्हणल, तर "चुकलं" म्हणू नका, पुन्हा त्यालाच ओतू द्या. ते पाणी नंतर तुळशीला घालायलाही त्यालाच सांगा.