सीडी घ्यावी की डाउनलोड करावं? गेम घेताना या चुका टाळा

मागच्या भाऊबीजेला ताईला साडी दिली आणि भाच्याला पीएस ५च्या (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) दोन सीड्या. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईहून त्याचा व्हिडिओ कॉल. "मामा, सीडी आत जाईनाच गेलीय." फोन फिरवून त्याने खोकं, म्हणजे तो कन्सोलच, दाखवलं. एका हातात सीडी धरून पोरगं चारी बाजूंनी फट शोधत होतं. फट नव्हतीच. दाजींनी पुण्यात ओळखीच्याकडून थोडंच वापरलेलं खोकं घेतलं होतं, स्वस्तात मिळालं म्हणून. ते निघालं डिजिटल एडिशन. त्यात सीडी टाकायची सोयच नसते. आणि कोणतं मॉडेल आहे हे न विचारता मी सहा हजारांच्या सीड्या घेऊन मोकळा!

तेव्हा पहिली चूक माझी स्वतःचीच.

गेमचा विचार आधी, खोक्याचा नंतर

खरं तर उलटं पाहिजे. सीडी की डाउनलोड, हा निर्णय तुम्ही कन्सोल घेता त्याच दिवशी अर्धा झालेला असतो. पीएस ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तेव्हा सीडीवाला ४९,९९० रुपयांना होता आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना. दहा हजारांचा फरक बघून पुष्कळांनी डिजिटल उचलला. त्या पहिल्या पिढीच्या डिजिटल खोक्याला नंतर ड्राइव्ह (सीडी वाचणारा भाग) बसवता येत नाही. पुढे आलेल्या स्लिम मॉडेलला येतो, वेगळा विकत घेऊन. मात्र तो ड्राइव्ह जोडताना पहिल्यांदा एकदा इंटरनेट लागतंच, हे दुकानात कुणी सांगत नाही. पीएस ५ प्रोमध्येही ड्राइव्ह सोबत येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलमध्ये सिरीज एसला ड्राइव्ह नाहीच. सिरीज एक्सला आहे, पण त्याचंही एक बिनड्राइव्हचं मॉडेल निघालंय, त्यामुळे नुसतं नाव वाचून पैसे देऊ नका. खोकं हातात घ्या आणि फट बघा.

वाचलेल्या दहा हजारांचं म्हणाल तर मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. सीडी असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते, बदलता येते, मित्राला महिनाभर देता येते. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. वर्षाला चार-पाच मोठे गेम खेळणाऱ्याचे सीडीवाल्या खोक्यावर जास्त गेलेले ते दहा हजार दीड-दोन वर्षांत वसूल होतात. वर्षभर एकच फुटबॉलचा नाहीतर क्रिकेटचा गेम खेळणाऱ्याला मात्र डिजिटल खुशाल परवडतं.

"सीडी आहे, मग नेट कशाला?"

हा गैरसमज आपल्याकडे सगळ्यात घट्ट बसलाय, कारण आपण जुन्या टीव्ही गेमवर वाढलो. कॅसेट खोचली, चालत नसली तर काढून फुंकर मारली, की सुरू. (ती फुंकरही चूकच होती. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. ती चालायची ती पुन्हा नीट बसवल्यामुळे.)

आताच्या सीडीचं तसं नाही. पीएस ५ किंवा सिरीज एक्सवर सीडी टाकली की आतला गेम आधी कन्सोलच्या एसएसडीवर (आतल्या साठवणीवर) उतरतो आणि तिथूनच चालतो. सीडी उरते ती किल्लीसारखी. गेम त्याच खोक्यात उतरलेला असला तरी खेळताना ती आत लागते. बरं, एका सीडीत जास्तीत जास्त १०० जीबी मावतात. गेम त्याहून मोठा असेल तर दोन सीड्या येतात किंवा उरलेला भाग नेटवरून उतरवावा लागतो. शिवाय बाजारात आल्याच्या दिवशीच बहुतेक गेमना मोठा अपडेट येतो.

काही खोक्यांत तर गेमच नसतो. पीसी गेमच्या डब्यात आता बहुधा एक कागद आणि त्यावर कोड निघतो. निन्टेंडो कंपनीच्या स्विच २ कन्सोलच्या काही गेमची 'गेम-की कार्ड' असतात. कार्ड खरं, पण त्यात गेम नाही, फक्त तो उतरवण्याची परवानगी. म्हणून डब्याच्या पुढच्या-मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'डाउनलोड आवश्यक' असं काही लिहिलंय का, ते दुकानातच वाचा. घरी येऊन नको.

आता हिशेब. मोबाइलच्या रोजच्या २ जीबी पॅकवर १०० जीबींचा गेम उतरवायचा तर ५० दिवस लागतील, तेही घरात कुणी एकही रील न बघता. घरात केबलवाल्याचं ४० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर कागदावर साडेपाच तास. प्रत्यक्षात संध्याकाळी सगळी गल्ली नेटवर असते, त्यामुळे रात्र धरून चला. छत्रपती संभाजीनगरात, नांदेडात किंवा लातूरला फायबर असलेल्याला ही अडचण वाटणार नाही. केज किंवा सेलूच्या पुढच्या गावात राहणाऱ्याने मात्र सीडीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. अपडेट उतरवावा लागला तरी पूर्ण गेमपेक्षा तो बहुतेक वेळा लहान असतो.

लाईट गेली, नेट गेलं आणि गेमवर कुलूप

डिजिटल घेतलेल्यांचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. गेम उतरलेला आहे, पैसे भरलेले आहेत, इन्व्हर्टरवर टीव्ही चालू आहे, पण गेमच्या चित्रावर कुलपाची खूण. असं का होतं? घरचा राउटर इन्व्हर्टरवर असतो हो, पण चौकातल्या खांबावरच्या केबलवाल्याच्या डबीला लाईट कोण देणार? ती गेली की नेट गेलं. आणि कन्सोलला गेमचा परवाना तपासायला नेट हवं असतं.

उपाय आधीच करून ठेवायचा असतो. पीएस ५च्या सेटिंग्जमध्ये 'युजर्स अँड अकाउंट्स', त्यात 'अदर', त्यात 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले'. ते चालू करा. एका खात्यासाठी हे एकाच पीएस ५वर चालू ठेवता येतं. एक्सबॉक्सवर हेच काम 'होम एक्सबॉक्स' करतं. चालू असूनही कुलूप दिसत असेल तर नेट आल्यावर त्याच 'अदर'मध्ये 'रिस्टोर लायसन्सेस' दाबा. बहुतेक वेळा कुलूप जातं. भाच्याचं जे खोकं होतं त्यावर आधीच्या मालकाचंच खातं तसंच पडून होतं. ते काढून त्याचं स्वतःचं खातं लावल्यावर कुठे गाडी रुळावर आली.

लाईटीचाच आणखी एक त्रास. गेम उतरताना वीज गेली तर घाबरू नका, डाउनलोड जिथं थांबलं तिथून पुढे चालू होतं. पण एसएसडीवर लिहिणं चालू असताना पुन्हा पुन्हा झटके बसले तर गेम बिघडतो, मग तो 'करप्टेड डेटा' दाखवतो. अशा वेळी कन्सोल सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या खास मोडमध्ये) सुरू करून 'रिबिल्ड डेटाबेस' करून बघा. तेही नाही जमलं तर तेवढा एक गेम काढून पुन्हा टाका. सीडी हाताशी असली की ते तासाभराचं काम, नसली की रात्रभराचं. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला 'यूपीएस मोड'ची खटकी आहे का बघा. साध्या मोडवर लाईट जाताना मधे जो क्षणभर खंड पडतो तेवढ्यात कन्सोल बंद होतो. पंखा चालूच राहतो, त्यामुळे आपल्याला कळतही नाही. पीएस ५ मोठा गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास ओढतो, त्यावर टीव्ही धरा आणि बॅटरी किती वेळ पुरेल ते बघा.

सहाशे रुपयांत पाच हजारांचा गेम

टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामवर असे मेसेज फिरतात. 'प्रायमरी' अमुक, 'सेकंडरी' तमुक. मिळतं काय? कुणाच्या तरी खात्याचं लॉगिन. ते आपल्या कन्सोलवर टाकायचं आणि खेळायचं. गेम तुमच्या नावावर होतच नाही. विकणाऱ्याने पासवर्ड बदलला की कुलूप आणि तक्रार करायला पावती नाही. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, म्हणून कंपनीही दाद देत नाही. माझ्या ओळखीतल्या एका पोराचे असे चार गेम एका आठवड्यात गेले. सेलची वाट बघा, जुनी सीडी घ्या, पण या भानगडीत पडू नका.

खऱ्या स्टोअरवरून घेतानाही घाई नडते. प्लेस्टेशन स्टोअरवर घेतलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, पण डाउनलोड सुरू केलेलं नसलं तरच. आपण पैसे भरतो आणि पुढच्याच क्षणाला 'डाउनलोड' दाबतो. तिथं परतीचा रस्ता बंद. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, जरा मोकळीक आहे. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात.

जुनी सीडी घेताना

पहिली गोष्ट म्हणजे सीडी उन्हाकडे तिरकी धरून चकाकणारी बाजू बघा. केसासारखे बारीक ओरखडे बहुधा चालतात, कारण या ब्लू-रे सीडीवर कडक थर असतो. खोल, गोलाकार चरा असेल तर सोडून द्या. आणि टूथपेस्ट लावून घासू नका! तो उपाय जुन्या गाण्यांच्या सीडीचा. इथं माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, वरचा कडक थर घासला गेला की संपलंच. मऊ कोरडं कापड, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत सीडी ठेवली तर ती वाकते. मग ड्राइव्ह ती नुसती आत-बाहेर करत बसतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. दुबईहून कुणी आणलेली सीडी आपल्या पीएस ५वर चालते, गेम चालेल. पण त्या गेमचा वरचा विकतचा भाग, ज्याला डीएलसी म्हणतात, तो ज्या देशासाठी सीडी काढलेली आहे त्याच भागाच्या स्टोअरचा लागतो. आपल्या भारतीय खात्यातून घेतलेला डीएलसी त्या सीडीला लागेलच असं नाही. पैसे जातात, भाग उघडत नाही आणि दोष सीडीला दिला जातो. खातं उघडताना निवडलेला देशही नंतर बदलता येत नाही, म्हणून कुणाचं ऐकून अमेरिकेचं खातं उघडायच्या आधी त्यात पैसे भरायला तिथली गिफ्ट कार्डं कुठून आणणार याचा विचार करा.

डब्यात कोडचा कागद असला तर तो आधीच वापरलेला समजायचा. आणि पीएस ५ची सीडी पीएस ४वर चालत नाही. उलटं बहुतेक चालतं.

जागा नाही म्हणून गेम उडवणं

पहिल्या पीएस ५मध्ये ८२५ जीबी लिहिलेलं असतं, हाती लागतात ६६७. ५१२ जीबीच्या सिरीज एसमध्ये साधारण ३६४. चार मोठे गेम आणि भरलं. मग पोरं एक उडवतात, दुसरा उतरवतात, पुढच्या महिन्यात परत पहिला. नेटचा नुसता चुराडा. साधी यूएसबी हार्ड डिस्क जोडा. पीएस ५चे गेम तिच्यावरून चालत नाहीत, पण साठवून ठेवता येतात आणि लागेल तेव्हा आत ओढता येतात, डाउनलोड न करता. पीएस ४चे गेम तर थेट तिच्यावरून चालतात. स्टीमवाल्यांना २०२३पासून एकाच वायफायवरच्या दोन कॉम्प्युटरांत गेम थेट पाठवता येतो. लातूरच्या होस्टेलात एकाने उतरवला की खोलीभर पुरतो, फक्त ज्याने-त्याने तो स्वतःच्या खात्यावर घेतलेला हवा. (अर्थात तिथं अभ्यासाला पाठवलंय, हे मी ताईला सांगितलेलं नाही.)

आणि सीडीत तुमचा खेळ साठत नाही. कितव्या पातळीवर होता ते कन्सोलमध्ये असतं. पीएस ५च्या गेमचे सेव्ह यूएसबीवर काढता येत नाहीत, क्लाउडवर ठेवायचे तर पीएस प्लस (प्लेस्टेशनची पैसे भरून घ्यायची वर्गणी) लागतं.

"सीडी म्हणजे जन्माची"

अर्धं खरं. डिजिटलवाल्यांची भीती खोटी नाही. निन्टेंडोने आपल्या वी यू आणि ३डीएस या जुन्या कन्सोलचं स्टोअर २७ मार्च २०२३ला विक्रीसाठी बंद केलं, एक्सबॉक्स ३६०चं २९ जुलै २०२४ला. स्टीम तर आता पैसे भरतानाच सांगतं की तुम्ही गेम नाही, परवाना घेताय. पण 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम बघा. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे सीडी होती त्यांचीही सीडी निव्वळ आरसा झाली. कारण गेम सतत नेटवर चालणारा होता. म्हणून 'ऑनलाइन आवश्यक' असलेल्या गेमसाठी सीडीला जास्तीचे पैसे देऊ नका. एकट्याने खेळायच्या, गोष्ट असलेल्या गेमची सीडी घ्या. आणि गेम पास (एक्सबॉक्सची तशीच वर्गणी) किंवा पीएस प्लसवरचे गेम स्वतःचे समजू नका, ते भाड्याचं घर आहे.

भाच्याच्या त्या दोन सीड्यांपैकी एक परभणीच्या एका मुलाने घेतली. दोघांनी मधलं गाव म्हणून गंगाखेडचं बसस्टँड ठरवलं. पोराने सीडी उन्हात धरून चांगली दोन मिनिटं बघितली, मग पैसे दिले. दुसरी अजून माझ्या कपाटात आहे, प्लास्टिकसकट.