ब्रेकचा रिकॉल आलाय? मग या चुका टाळा

कंपनी कळवते की ब्रेक होज, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी लवचिक नळी, सदोष आहे, गाडी आणा, फुकट बदलून देतो. मालक म्हणतो, "ब्रेक तर मस्त लागतोय, दिवाळीनंतर बघू." चारशे हॉर्सपॉवरची गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज हाकणारा माणूस हे म्हणतो, तेव्हा काय बोलावं सुचत नाही.

'लागतोय की' हा पुरावाच नव्हे. २०२४ मध्ये पोर्शने जगभरातल्या टायकान या इलेक्ट्रिक मॉडेलच्या सुमारे दीड लाख गाड्या पुढच्या होजसाठी परत बोलावल्या. हा होज स्टिअरिंगबरोबर वळतो, सस्पेन्शनबरोबर वरखाली होतो आणि वाकण्याच्या जागी त्याला भेग पडते. भेग पार होऊन ऑइल झिरपेपर्यंत पेडलला काही कळत नाही. ब्रेकची सर्किट दोन असतात, त्यामुळे एक गेलं तरी गाडी थांबते. फक्त पुढच्या रिक्षाच्या अलीकडे थांबेल याची खात्री नाही.

गाडी सेकंडहँड असेल तर पत्राची वाट बघू नका, ते जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाऊ शकतं. आरसीवरचा १७ अक्षरी चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. ओ वाटला तर तो शून्य आहे.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टॉप-अप. खारघरची गाडी, ब्रेक ऑइलची पातळी महिन्याभरात खाली. गॅरेजवाला बाटली उघडतो, मॅक्सपर्यंत भरतो, "झालं साहेब." पुढच्या महिन्यात परत तेच. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते हे खरं, पण ते हळूहळू, काही हजार किलोमीटरमध्ये. महिन्यात बोटभर उतरली तर ऑइल कुठून तरी बाहेर जातंय. टॉर्च घेऊन चाकामागे बघायला दोन मिनिटं लागतात, होजच्या वळणावर ओल दिसते. ते न करता तिसरी बाटली ओतली जाते, आणि पुण्याहून परतताना खंडाळ्याच्या उतारावर डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा पेटतो. वर त्या बाटल्यांतली एक अर्धवट वापरलेली, टपरीवर उघडी पडलेली. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. ताजं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषलेल्याची हमी फक्त १५५ ची. उतारावर डिस्क तापल्या की त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल थेट तळाला. पातळी उतरली की आधी गळती शोधा. सील फोडलेली बाटली गाडीत घालूच देऊ नका. आणि हो, ऑइल बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

दुसरी चूक डिलिव्हरीच्या वेळची. संध्याकाळी सहाला फोन येतो, मालकाला पाम बीच रोडचा ट्रॅफिक टाळायचा असतो, किल्ली घेऊन निघतो. होज बदलला की सिस्टिममध्ये हवा शिरते, ती काढायला वेळ लागतो, आणि एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा गेली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर जोडूनच एअर काढावी लागते. घाईत हीच पायरी गाळली जाते. म्हणून इंजिन चालू करून, गाडी जागेवरच ठेवून पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली सरकलं, किंवा दोन-तीनदा पंप केल्यावरच घट्ट झालं, तर गाडी गेटबाहेर काढू नका. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघायला सांगा: होज पिळलेला नाही ना, टायरला घासत नाही ना. होज ब्रेकला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे दोन वॉशर नवेच हवेत, जुने परत लावले की तिथूनच ओल सुरू होते.

बाकीच्या किरकोळ. बाहेरच्या गॅरेजमधून स्टीलच्या जाळीचे (ब्रेडेड) होज बसवून घेतले असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा. गाडी लिफ्टवर चढल्यावर वाद घालू नका. झिजलेले पॅड रिकॉलमध्ये फुकट मिळत नाहीत, मागताना लाजही वाटायला हवी. लाल दिवा पेटलेला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. निघताना जॉब कार्डावर रिकॉल नंबर आणि बदललेल्या पार्टचा नंबर लिहून घ्या, कारण गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तोच कागद मागेल.