ट्रान्सफर पोर्ट मोठा केला की रायफलचा जोर वाढतो? या चुका टाळा

गेल्या चवथीनंतर पेडण्याचा एक मुलगा आपली 4.5 मिमीची स्प्रिंग एअर रायफल कापडात गुंडाळून घेऊन आला. चेहरा पडलेला. "भाई, भोक मोठं केलं, तरी छर्रा पहिल्यापेक्षा हळू जातोय." 3 मिमीचा ट्रान्सफर पोर्ट, म्हणजे दाबलेली हवा छर्‍यामागे नेणारं भोक, त्याने घरच्या ड्रिलने 4.2 केला होता. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, लावली. त्याच 0.53 ग्रॅमच्या छर्‍याला आधी 185 मीटर प्रतिसेकंद वेग मिळायचा, आता 168. म्हणजे ऊर्जा 9 ज्यूलवरून साडेसातावर उतरली. शिवाय दर फायरला धातूवर हातोडी बसावी तसा टक्क आवाज.

नळाची तोटी मोठी केली की पाणी जास्त येतं, हा हिशोब इथे चालत नाही, कारण नळामागे टाकी भरलेली असते. स्प्रिंग रायफलमध्ये मागे टाकीच नाही. पिस्टन सुटला की सिलिंडरमधली हवा दाबत पुढे येतो. छर्रा बॅरलमध्ये घट्ट बसलेला असतो, तो लगेच हलत नाही. शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये दाब शिगेला पोचतो आणि तेव्हा छर्रा सुटतो. तीच दाबलेली हवा पिस्टनसाठी उशीही असते. भोक फार मोठं झालं की छर्रा लवकर निघतो, दाब पुरता चढत नाही, उशी आधीच पळून जाते आणि पिस्टन पुढच्या भिंतीवर आपटतो. मुलाने सांगितलेला टक्क आवाज तोच. उलट भोक फार लहान असेल तर हवा वेळेत पलीकडे जात नाही, पिस्टन हवेवर आदळून मागे उसळतो आणि जोर वाया जातो.

बघायला 3 आणि 4.2 मध्ये फरक किरकोळ वाटतो. व्यास 1.4 पट झाला, पण क्षेत्रफळ 7.07 वरून 13.85 चौरस मिमी, म्हणजे जवळजवळ दुप्पट. अर्धा मिमी वाढवायचा तरी मनात वर्गाचा हिशोब करावा. पोर्टच्या लांबीचंही तेच. त्यात अडकून राहिलेली हवा दाबली जाते, पण छर्‍याला ढकलत नाही. म्हणून रुंद आणि लांब पोर्ट दोन्हीकडून नुकसान करतो.

पीसीपी, म्हणजे आधीच दाबाने हवा भरून ठेवलेल्या रायफलवाल्यांची, चूक वेगळी. तिथे मागे भरलेली टाकी असते, त्यामुळे नळाची उपमा थोडी लागू पडते, आणि म्हणूनच माणूस फसतो. हवेच्या वाटेत तीन अरुंद जागा येतात: व्हॉल्व्हचा घसा, ट्रान्सफर पोर्ट आणि बॅरलमध्ये हवा शिरते ते भोक. सगळ्यात अरुंद असेल ती जागा हवा किती जाणार ते ठरवते. लोक घशाचा व्यास मोजतात आणि त्यातून जाणारी व्हॉल्व्हची दांडी विसरतात. घसा 5 मिमी आणि दांडी 3 मिमी असेल तर हवेला मिळणारी वाट 12.57 चौरस मिमीची, म्हणजे बरोबर 4 मिमीच्या भोकाएवढी. मग पोर्ट 4.5 करून मिळालं काय? जास्तीची मोकळी जागा, बस्स.

आणि पोर्ट खरोखरच अडवत होता, तो मोठा केल्यावर वेग वाढलाही, तरी हवेचा हिशोब बघा. माझ्याच एका रायफलमध्ये मी हा उद्योग केला होता. ऊर्जा 7.5 वरून 8.4 ज्यूल झाली. पण एका भरणीत 100 फायर व्हायचे, ते 60 वर आले. बारा टक्के जोरासाठी दर फायरला दोन तृतीयांश हवा जास्त. ती जास्तीची हवा छर्रा बॅरलबाहेर पडल्यावर मागून फुस्स करून निघून जाते. पोर्ट मोठा केल्यावर हॅमर स्प्रिंग (व्हॉल्व्हवर ठोका मारणाऱ्या हातोडीची स्प्रिंग) सैल करून व्हॉल्व्ह उघडा राहण्याची वेळ कमी करायची, हे मी तेव्हा केलंच नव्हतं. आवाज वाढला आणि वेग जागेवरच राहिला, तर समजावं की हवा फुकट जातेय.

बॅरलमध्ये हवा शिरते ते भोक मोठं करताना आणखी एक गोष्ट होते. ड्रिल आत निघतो तिथे कड उठते. एक छर्रा सळईने हळूच पूर्ण बॅरलमधून ढकलून बाहेर काढा आणि उजेडाखाली त्याचा स्कर्ट, म्हणजे मागची पोकळ कड, बघा. एका बाजूला नखाने ओढल्यासारखी चकचकीत रेघ दिसली तर भोकाची कड शिसं कापतेय. मग वेग कितीही चांगला असो, 10 मीटरवर छर्‍यांचा गट फाकणारच. कड काढून गोलसर केल्याशिवाय दुसरं काही करू नका.

आता आपल्याकडचा खास प्रकार. समुद्राची हवा, जून लागला की आठवड्यात गंज. म्हणून लोक शिलाई मशीनचं तेल, कधी कधी तर खोबरेल, पोर्टमध्येच सोडतात. स्प्रिंग रायफलमध्ये दाबलेली हवा इतकी तापते की ते तेल पेट घेतं. क्रोनोग्राफ 185, मग 214, मग 190 दाखवतो आणि मालक खूश, "जोर वाढला!" वाढला नाही, आत डिझेल इंजिन चाललंय, सील जळतंय आणि स्प्रिंग मोडायची वाट बघतेय. तेल बाहेरून पुसा, पोर्टमध्ये नाही. पीसीपीच्या हवेच्या वाटेत तर पेट्रोलियम तेल मुळीच नको, तिथे सिलिकॉन ग्रीसच. आणि भर पावसात हातपंपाने भरत असाल तर पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर सुका आहे ना, ते बघा. नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्हची बैठक खाऊन टाकतं.

जोर कमी वाटला की ड्रिलच्या आधी हे करा. एकाच डब्यातले दहा छर्रे क्रोनोग्राफवरून मारा. स्प्रिंग रायफल असेल तर ब्रीचच्या (बॅरलच्या मागच्या तोंडाच्या) फटीवर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा भरून फायर करा, रिकामी कधीच नको. पट्टी उडाली तर ब्रीचचा ओरिंग (रबरी कडं) गेलाय, आणि पोर्टच्या निम्म्याअधिक तक्रारी मला तिथेच सुटलेल्या दिसल्यात. त्यानंतर पिस्टन सील. पोर्टचा नंबर शेवटी. पीसीपी उघडण्याआधी सगळी हवा काढून टाका, हे सांगावं लागू नये.

वेग वाढवायच्या भरात कायदाही विसरू नका. आर्म्स रूल्स 2016 नुसार 20 ज्यूलच्या वर किंवा 4.5 मिमीपेक्षा मोठ्या बोअरच्या एअर रायफलला परवाना लागतो.

त्या मुलाची रायफल लेथवर नेली. पोर्टमध्ये पितळी बुश (छोटी नळी) चिकटवून बसवला, पुढची बाजू भिंतीशी अगदी सपाट ठेवली, नाहीतर पिस्टन त्यालाच धडकला असता. भोक 3.2 मिमी. वेग 182 वर आला. तीन मीटर राहिलेच, पण टक्क आवाज गेला.